दोन घरं जुळली, तिसरं लाल

४ फेब्रुवारी, बुधवार

ठकीनं आज माझ्या खोलीत पूल आणून ठेवला!

म्हणजे लेकाचा जुना कॉम्प्युटर. बारा वर्षांचा. लेक तो भंगारात देणार होता, ठकीनं, माझ्या नातीनं, मध्येच अडवला. "आजी, तुझ्या खोलीत ठेवते. तुला काही करायचं नाही. नुसतं हे एक पान उघडं ठेवायचं." मी म्हटलं, ह्या खोलीत आधीच एक जुनं मशीन धापा टाकत पडलंय, त्यालाही कुणी भंगारात नेत नाही, आता जोडी जमली. हसली. माझ्यासारखीच हसते, सगळे दात दाखवून. फरक एवढाच की तिला दात आहेत.

तिचं काम असं. एका दरीवर पायी चालायचा पूल बांधणार आहेत, तारांना टांगलेला. वारा सुटला, माणसं चालली, की तो किती हलेल, कुठं ताण येईल, हे आधी गणितानं काढायचं. गणित एवढं मोठं की एका मशीनला जन्म पुरायचा नाही. म्हणून ह्यांनी त्याचे लाखो तुकडे पाडून वेबसाइटवर ठेवलेत. ज्याच्या घरी कॉम्प्युटर रिकामा बसलाय त्यानं ते पान उघडायचं. पान आपणहून एक तुकडा उचलतं, गणित करतं, उत्तर धाडतं, दुसरा उचलतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या घरांत चाललंय म्हणे. कोणी कोणाला ओळखत नाही.

"कळलं का आजी?"

कळलं का म्हणून विचारते! तीस वर्षं मी दुसरं काय केलं? दवाखान्याचे पांढरे कोट. कापलेले तुकडे घरोघर वाटायचे. हिला बाह्या, तिला खिसे, तिसरीला कॉलर. एकीनंही अख्खा कोट कधी पाहिला नसेल. गोळा करून, तपासून, जोडायला देणारी मी.

"म्हणजे तू सर्व्हर होतीस!" ठकी म्हणाली.

"चेकर होते," मी म्हटलं. "शिव्या देऊ नकोस."

५ फेब्रुवारी

एकवीस तुकडे गेले. सगळे हिरवे. सुनेला सांगितलं. "बरं," म्हणाली. हिला चंद्रावर जाऊन आले सांगितलं तरी "बरं"च म्हणेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर समोर बसते. काही करायचं नाही तरी बसते. प्रत्येक तुकड्याचं बारकं चित्र येतं पडद्यावर. कधी सरळ दांडी, कधी तार. जिथं तार आणि दांडी एकमेकांना धरतात ते सांधे अजून यायचेत म्हणे. खाली आकडा चढत जातो. पूर्ण झाला की छोटा चौकोन हिरवा होतो. चटक लागते! विणकामासारखं आहे. आता एवढी ओळ झाली की उठते, आता एवढीच.

ठकी फोनवर होती, तेव्हा विचारलं, "उत्तर बरोबर आहे हे कोणाला कळतं गं? तुमच्याकडे उत्तरांची वही आहे का?"

"वही असती तर गणित कशाला केलं असतं? प्रत्येक तुकडा तीन घरांत जातो, आजी. दोन घरांची उत्तरं जुळली की ते धरायचं. जे जुळलं ते हिरवं."

"आणि तिसरं?"

"तिसरं वेगळं आलं तर लाल. फेकून द्यायचं."

चांगली पद्धत. माझी याहून साधी होती. माझ्या टेपवरून पुठ्ठ्याचे साचे कापायचे, कॉलरचा एक, बाहीचा एक, आणि प्रत्येक बाईला देऊन टाकायचे. त्या बरहुकूम शिवा. तीनदा शिवायला कापड कुठलं?

तिची तीन वर्षं ह्या पुलात आहेत. अठ्ठावीस तारखेला तिचे मोठे सर अहवाल धाडणार, त्यावरून सांधे किती जाड करायचे ते ठरणार. खाली नाव ठकीचं. "बारीक ठरले आणि पुढं काही झालं तर?" मी विचारलं. ठकी म्हणाली, "म्हणून तर तीन घरं ना, आजी."

१२ फेब्रुवारी

लाल! पहिला लाल चौकोन. बघून असं वाटलं की कुणी भर चौकात माझ्या थोबाडीत मारली. तीस वर्षांत माझा माल परत आला नाही.

दुपारपर्यंत आणखी दोन.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चूक माझीच निघाली. मशीनच्या डब्याला धूळ लागू नये म्हणून मी लोकरीचं कव्हर विणून घातलं होतं. निळं, कडेला पांढरी वेल. बिचाऱ्याला आत घाम फुटला. सकाळी अंगाला हात लावला तर तवा! आणि मग गपकन बंद.

ठकी धावत आली. कव्हर बघून जमिनीवर बसली हसायला. "आजी, तू सर्व्हरला स्वेटर घातलास!"

"मग? थंडीत उघडा ठेवू?"

"त्याला वारा हवा असतो गं. तापला की चुकतो."

म्हणजे लाल त्यामुळे. कव्हर काढलं. मागची जाळी ब्रशनं साफ केली, त्यातून निघालेल्या धुळीत एक उशी भरली असती. आता सुरळीत.

सून म्हणाली, "आई, ते कव्हर खालच्या काकूंना देऊ का? त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रेडिओ घेऊन पडून असतात, रेडिओवर घालतील." मी म्हटलं, कापून त्याचं पायपुसणं कर, पण तिकडे नको. सून "बरं" म्हणाली. ह्या वेळचं "बरं" जरा लांब होतं.

१७ फेब्रुवारी

सुरळीत कसलं! आज पुन्हा चार लाल. डबा थंडगार आहे. मी हात लावून लावून बघितलं.

१८ फेब्रुवारी

वहीत मांडायला लागले. (ही वही ठकीनं त्यासाठीच दिली होती, नंबर लिहायला. नंबर बाजूला राहिले आणि मी आपली गावभर लिहीत बसले.) चौथीपर्यंतचं गणित पुरतं मला. कितवा तुकडा, चित्र कसलं, हिरवा का लाल.

सरळ दांडी: हिरवा.
तार: हिरवा.
सांधा: लाल.
तार, तार, दांडी: हिरवे.
सांधा: लाल.

१९ फेब्रुवारी

कालपासून सत्तावन्न तुकडे. नऊ सांधे होते. नऊही लाल. बाकी एकही नाही!

हे मला पटेना. चुकार बाई मी ओळखते. तिची बाहीही वाकडी असते आणि खिसाही वाकडा. आज सुई घरंगळली, उद्या धागा सुटला. चूक कशी विखुरलेली असते, सांडलेल्या तांदळासारखी. जी बाई सगळं नेटकं शिवते आणि एकाच जागी, दर वेळी, तेवढंच वेगळं करते, ती चुकत नसते. ती काहीतरी निराळं करत असते. तिला उभी करून विचारायचं असतं, बाई, हे तू कसं केलंस?

मशीनला कसं विचारू?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ठकी आली ती तोंड पाडून. "आजी, तुझं मशीन यादीतून काढावं लागतंय. लाल फार झाले. म्हातारं झालंय ते."

"म्हातारं झालं म्हणून खोटं बोलायला लागलं?"

"तसं नाही गं..."

वही पुढं केली. तिनं आधी सहज बघितली. मग चष्मा चढवून बघितली. मग खुर्ची ओढली.

"फक्त सांधे?"

"फक्त सांधे. आता मला एक सांग. ती बाकीची दोन घरं जुळतात ना? त्यांचा टेप कोणाचा?"

"टेप कसला?"

"ते मोजतात कशानं? तुझ्या घराचा टेप वेगळा, माझ्या घराचा वेगळा, आणि तरी जुळलं, तर ते जुळणं. एकाच टेपनं मोजून जुळलं त्यात काय पराक्रम? जुळी पोरं सारखी दिसतात म्हणून कुणी पेढे वाटत नाही."

ठकीनं वहीची पानं पुन्हा उलटली. मग म्हणाली, बाकीची सगळी मशीनं नवी आहेत. गेल्या चार-पाच वर्षांतली. इतकं जुनं तुझं एकटंच.

"मग बघ जा," मी म्हटलं.

"आजी, आठ दिवस राहिलेत! सरांना काय सांगू? आजी म्हणते टेप बघा?"

"सांग की. खोटं आहे का?"

जेवली नाही. डबा बांधून दिला तो इथंच विसरून गेली.

२१ फेब्रुवारी

फोन नाही. सांधे अकरा, लाल अकरा. एकटं पडलंय बिचारं, पण शब्द फिरवत नाही. मला आवडायला लागलंय ते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या सरांशी बोलले! पडद्यावर दिसले. डोक्यावर केस नाहीत, भिंतीला पुस्तकं. ठकी बाजूला बसून पदर नसताना पदर चाळवल्यासारखी नुसती ओढणी पिळत होती. तिनं सांध्यांची उत्तरं पुन्हा तपासायची परवानगी मागितली होती आणि ते तयार नव्हते. संस्थेच्या मोठ्या मशीनचे दोन दिवस लागणार, तारीख चुकणार, पुलाची माणसं खोळंबणार.

"नमस्कार आजी. तुमचं शिक्षण काय?"

"चौथी. तुमचं?"

ठकीनं डोळे मिटून घेतले. सर हसले. म्हणाले, "सांगा, तुमचं म्हणणं काय आहे?"

मी सांगितलं. "साहेब, माझ्या हाताखाली चाळीस बायका होत्या. चाळीस घरांत बसून शिवायच्या आणि चाळीस कॉलरी एकमेकींवर ठेवल्या तर केसाचा फरक नाही. त्या हुशार होत्या म्हणून नव्हे. साचे सगळ्यांना मी दिलेले, माझ्या एका टेपवरून कापून. माझा टेप चुकीचा असता तर चाळीसही चुकल्या असत्या. आणि अशा जुळून चुकल्या असत्या की देवाला कळलं नसतं!"

सरांनी पेन उचललं. मग म्हणाले, "आणि एखादी न जुळणारी निघाली तर?"

"निघाली होती एक. माझी धाकटी जाऊ. साचा घेतला नाही, म्हणे माझा टेप आहे, मी मोजून शिवते. बारा कॉलरी आणल्या, बारा अर्धा इंच लहान. काढून टाकली तिला."

हे मी कशाला सांगितलं कोण जाणे. विचारलं म्हणून सांगितलं.

सरांनी पेन खाली ठेवलं. ठकीला म्हणाले, "दोन दिवस घे. पण फक्त दोन."

पडदा बंद झाल्यावर ठकीनं मला उचललंच. मी म्हटलं, सोड, हाडं मोजकी राहिलीत.

पाणी प्यायले. दोन तांबे.

२४ फेब्रुवारी

ठकी तिकडे गणितात. मला इकडे काम सुचत नाही.

सर काय म्हणाले होते? एखादी न जुळणारी निघाली तर.

धाकटीची गोष्ट अडतीस वर्षांची. भाकरी एका तव्यावर भाजायचो आम्ही. तिला काम मीच लावून दिलं होतं, तिच्या दोन पोरी बारक्या होत्या, दीर घरी बसलेला. बारा कॉलरी मी टेबलावर ओळीनं मांडल्या, चाळीस बायकांसमोर, आणि टेप लावून दाखवला. बघा, ह्याला म्हणतात आपलाच शहाणपणा. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "जाऊबाई, एकदा तुमचा टेप बघा."

मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा! बायका हसल्या.

ती उठून गेली. तिचं काम गेलं. मग चूल वेगळी झाली, मग मजला वेगळा. आता बरोबर माझ्या खोलीखाली राहते. तिचा रेडिओ मला ऐकू येतो. अडतीस वर्षांत आम्ही दोघी फक्त मयतीला बोललोय, आणि ते मेलेल्याबद्दल.

उगीच लिहिलं. वहीतलं हे सांध्यांचं पान वाया गेलं.

२५ फेब्रुवारी

फोन नाही. सून म्हणाली, "आई, जेवा." म्हटलं, बरं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

जिंकलो! जिंकलो! फोनवर ठकीला बोलताच येईना, नुसती "आजी, आजी."

माझं म्हातारं बरोबर! साठ सांधे तपासले, साठही. आणि बाकीची जगभरातली नवीकोरी मशीनं चूक, हातात हात घालून!

तिनं समजावलं ते असं. नव्या मशीनमध्ये चित्रं दाखवण्यासाठी एक वेगळा भाग असतो, भलता चपळ. ठकीचं पान तो भाग दिसला की गणित त्यालाच देतं, लवकर व्हावं म्हणून. पण तो आकड्यांची शेपटी छाटतो. सात आकडे ठेवतो, पुढचे उडवतो. सरळ दांडीला त्यानं काही बिघडत नाही. सांध्यात मात्र तेच गणित लाखो वेळा फिरतं, छाटलेलं पुन्हा छाटलं जातं, आणि शेवटी ताण आहे त्याहून कमी दिसतो. माझ्या डब्यात तो चपळ भाग नाहीच. तो आपला जुन्या पद्धतीनं, शेपटीसकट, रडतखडत करत बसतो.

"म्हणजे सगळ्यांचा टेप एकच," मी म्हटलं.

"एकच, आजी. आणि तो टेप मीच दिला होता! ते पान मी लिहिलंय. तीन वर्षं मी हिरवे चौकोन बघून खूश होत होते."

हसता हसता रडली. रडू दिलं. मग म्हटलं, आता किती दिवस लागतील ते सांग.

सरांनी पुलाच्या लोकांना कळवलंय, अहवाल महिनाभर उशिरा येईल. सांधे जाड करावे लागणार. सर म्हणाले, ही गोष्ट लपवायची नाही, कशी सापडली तेही अहवालात लिहायचं. ठकी म्हणते, त्यात "एक जुनं घरगुती मशीन" असं येईल. घरगुती! ठीक आहे. खरं आहे.

१ मार्च, रविवार

ठकी जेवायला आली. सगळे होते. लेकानं भंगाराचा विषय काढला नाही. मी काढला.

तिनं मला बक्षीस आणलं. संस्थेच्या वर्कशॉपमधली स्टीलची पट्टी, हातभर लांब, आकडे कोरलेले. "चेकरला," म्हणाली. "ही ताणत नाही, आखडत नाही. आजी, तू ते टेपचं बोललीस म्हणून माझं नाव वाचलं. चुकलेल्या पुलाखाली माझं नाव आलं असतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूनसुद्धा.

मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं? तीन वर्षं चुकीचं धरून बसलीस ते?"

"वाटलं ना. पण कळलं तेव्हा लगेच सरांकडे गेले. सांगितल्यावर बरं वाटलं." आणि भात वाढून घेतला. चोवीस वर्षांची पोर. जशी काही सोपीच गोष्ट.

खालून रेडिओ ऐकू येत होता.

३ मार्च, मंगळवार

सकाळी ट्रंक उघडली. माझा टेप आहे अजून, पिवळा, मऊ पडलेला. स्टीलच्या पट्टीला लावला. पंधरावर अर्धा इंच जास्त. म्हटलं, म्हातारा झालाय, नंतर ताणला असेल.

मग तळाशी कॉलरचा साचा सापडला. धाकटीला काढलं त्याच वर्षीचा. माझ्या हातचं "पंधरा" लिहिलेलं. पट्टीवर ठेवला. साडेपंधरा.

पुठ्ठा ताणत नाही.

चाळीस घरं सैल, आणि तिच्या बारा बरोबर. पट्टी घेतली, साचा घेतला. निळं कव्हर सुनेनं कापलेलं नाही, माहीत होतं मला, तेही घेतलं. खाली जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. निघते.